उत्तर एक मजला मागे

"बाबा, तुम्ही शेवटचं कधी रडलात?"

हा प्रश्न माझा नव्हता. चष्मिष्ट आणि लांबडी या माझ्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पैज लावून तो माझ्या गळ्यात घातला होता. आम्ही तिघी मिळून पॉडकास्ट काढणार होतो. नाव ठरलं होतं 'विचारून तर बघा'. पहिल्या भागाचा पाहुणा माझा बाबा, कारण दुसरं कोणी हो म्हणालं नव्हतं.

"बाकीचे प्रश्न कोणीही विचारेल," लांबडी म्हणाली. "हा विचारून दाखव. नाहीतर निवेदिका मी."

निवेदिकेची जागा मी सोडणं शक्यच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी शाळेत हजेरीला 'हजर'सुद्धा म्हणत नसे, नुसता हात वर करायचे. आता मी बोलायला लागले की वर्गातल्या बाई घड्याळाकडे बघतात, आणि आईने माझं नाव तुडतुडी ठेवलं आहे. अशा मुलीने एका प्रश्नाला घाबरायचं म्हणजे काय.

म्हणून रविवारी दुपारी मी बाबाला आतल्या खोलीत, कपाटाची दारं सताड उघडून, कपड्यांकडे पाठ करून बसवलं. कपडे खोलीतला घुमणारा आवाज पिऊन टाकतात, असं चष्मिष्टने कुठेतरी वाचलं होतं. वह्यांच्या थप्पीवर फोन उभा केला, घसा साफ केला आणि विचारलं.

बाबाने मागे वळून पाहिलं. कोण आलंय ते. आमच्या घरात त्याला 'तुम्ही' फक्त आई म्हणते, तेही फार मोठं काही बिघडलं असेल तर.

"तुलाच विचारतेय, बाबा," मी कुजबुजले. "कार्यक्रम आहे ना, म्हणून तुम्ही."

मग बाबा फोनकडे बघत बसला.

इथे बाबाबद्दल थोडं सांगायला हवं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि बोलतोही लिफ्टसारखाच. आपण बटण दाबतो. काहीही होत नाही. आपण पुन्हा दाबतो, मागून कोणी तिसराच येऊन दाबतो, वर कुठेतरी खुडबुड झाल्यासारखी वाटते, आणि आपण कंटाळून जिन्याकडे वळणार तेवढ्यात दार उघडतं. शिवाय लिफ्ट दाबलेलं एकही बटण विसरत नाही. बाबाही विसरत नाही. त्याला तीन प्रश्न विचारले तर तीन उत्तरं येतात, ओळीने येतात, बिनचूक येतात. फक्त तोवर आपण चौथ्या प्रश्नावर पोचलेलो असतो. सकाळी आई विचारते, "दूध किती आणू?" मग विचारते, "डबा घेतलास ना?" बाबा म्हणतो, "एक लिटर." आई एक लिटर दूध आणायला जाते, आणि ती दाराबाहेर पडल्यावर बाबा बंद दाराला सांगतो, "घेतला." आम्हाला यात काहीही विचित्र वाटत नाही.

त्या दिवशी मात्र माझ्यासमोर घड्याळ चालू होतं. फोनवर एक हिरवी रेघ असते, कोणी बोललं की उड्या मारते, गप्प झालं की आडवी पडते. ती आडवी पडली होती. दहा सेकंद. वीस. चाळीस. मला शांतता सोसत नाही. एके काळी माझ्याकडे ती गरजेपेक्षा फार जास्त होती. बावन्नाव्या सेकंदाला मी कागदावरचा दुसरा प्रश्न विचारून टाकला. मग तिसरा. डोळा रेघेवर, बोट कागदावर. बाबा मधूनमधून काहीतरी बोलला, रेघ उडाली, मला हायसं वाटलं. सहा प्रश्न विचारायला सात मिनिटं लागली. "धन्यवाद, नमस्कार," असं म्हणून मी बटण बंद केलं. बाबा अजून फोनकडेच बघत होता.

"झालं, बाबा. ऊठ."

"बरं," तो म्हणाला. पण उठला नाही. मी कपाटाची दारं लावली तेव्हा त्याने तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. मी तोवर लांबडीला फोन लावला होता.

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि पॉडकास्ट ॲपवर चढवायला घेतला. वाटतं तितकं हे सोपं नाही. नाव लिहा. वर्णन लिहा. पालकांची परवानगी आणा. आईने ती दातांच्या दवाखान्यातून फोनवर दिली. ती तिथे स्वागताच्या टेबलावर बसते, आणि तेव्हा तिच्यासमोर कोणीतरी गाल धरून उभं होतं. मग चौकोनी चित्र लावा. चष्मिष्टने माइक काढला होता, तो आइस्क्रीमच्या कोनासारखा दिसत होता, पण तिला ते सांगायची कोणाची छाती झाली नाही. मग प्रकार निवडा. विनोद, समाज, आरोग्य, क्रीडा.

"समाज," मी म्हणाले. "आपला कार्यक्रम गंभीर आहे."

सगळ्यात शेवटी ॲपने फार अदबीने विचारलं, रिकाम्या जागा काढून टाकायच्या का? ऐकणाऱ्यांना कंटाळा येणार नाही.

"कसल्या रिकाम्या जागा?" लांबडीने विचारलं.

"माझ्या बाबाच्या," मी म्हणाले, आणि हो दाबलं.

जादू झाली. सात मिनिटांचं दीड मिनिट झालं. बाबा फडाफडा बोलायला लागला. इकडे प्रश्न संपतो न संपतो तोच तिकडून उत्तर. आयुष्यात पहिल्यांदाच माझा बाबा हजरजबाबी झाला होता. तुम्ही विचाराल, ऐकून नाही का बघितलंस? बघितलं. पण पहिल्या खेपेला माणूस स्वतःचाच आवाज ऐकतो. माझा आवाज मला फारच आवडला. चष्मिष्टने मागे वाजणारं संगीत ऐकलं, कारण ते तिने निवडलं होतं. लांबडी, मी तो पहिला प्रश्न खरंच विचारला का, एवढंच ऐकत होती. तिला तो ऐकू आला आणि तिने मुकाट्याने हार मानली. बाबाचं कोणीच ऐकलं नाही.

गुरुवारी सकाळी ॲपने कळवलं की आम्हाला चार जणांनी ऐकलं आहे.

"तीन आपण," चष्मिष्टने हिशोब लावला. "चौथं कोण?"

"माझी आजी," लांबडी म्हणाली. "मीच लावून दिलं. तिला दुपारी करमत नाही."

लांबडी चौदा मजली इमारतीत राहते, नवव्या मजल्यावर. त्या इमारतीची लिफ्ट बाबा सांभाळतो. आजी दुपारभर एकटी असते आणि तिच्याकडे सगळ्या मजल्यांवरच्या बायकांचे फोन नंबर आहेत.

संध्याकाळी लांबडी आमच्या दारात उभी राहिली. घामाने निथळत होती. नऊ मजले जिन्याने उतरून ती धावत आली होती.

"तुझ्या बाबाने माणसं भंगारात दिली?" तिने विचारलं.

मी तिला पाणी दिलं. मला वाटलं, ऊन लागलं असेल. तिने पाणी बाजूला ठेवलं, फोन काढला आणि आमचा कार्यक्रम लावला. मी पहिल्यांदाच तो नीट ऐकला. आई मागे उभी होती, दवाखान्यातून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच.

माझा आवाज म्हणत होता, "बाबा, तुम्ही शेवटचं कधी रडलात? बरं, ते राहू द्या. चौदा मजल्यांच्या त्या इमारतीत लिफ्टचे दोर शेवटचे कधी बदलले?"

लगेच बाबा, शांतपणे: "तीन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही."

"लिफ्टमध्ये लोक अडकतात, त्यांचं तुम्ही काय करता?"

"गेल्या उन्हाळ्यात चारही काढले. फार जुने झाले होते. भंगारात दिले."

"अरे वा. आणि तुमचे मालक कसे आहेत?"

"घाबरलेले असतात. लहान मुलासारखं समजवायचं. दार उघडलं की आपोआप गप्प होतात."

"छान. आई घरात कशी असते?"

"आवाज मोठा. एका कानाने ऐकायचं. मन चांगलं आहे."

"शेवटचा प्रश्न. तुम्हाला मला काही विचारायचंय?"

"विचारावं लागत नाही. न सांगता कळतं."

संगीत. आइस्क्रीमचा कोन. समाप्त.

"एका कानाने?" आई म्हणाली. बाकीचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

लांबडीने जे सांगितलं ते असं. आजीने कार्यक्रम दोनदा ऐकला आणि दहाव्या मजल्यावर फोन केला. दुपारपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक घरात तो वाजला. कोणीतरी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला, 'जिवाची पर्वा असेल तर जिना'. बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर खुर्ची टाकून बसत बसत घरी पोचले. मग लोक एकमेकांना मोजायला लागले. म्हातारे, फार दिवसांत न दिसलेले असे चार जण कोण, याची यादी निघाली. सातव्या मजल्यावरचे काका महिनाभर दिसले नव्हते. ते मुलीकडे गेले होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते फोन उचलत नव्हते.

"एकशे शहाऐंशी जणांनी ऐकलंय," चष्मिष्टने फोन करून सांगितलं. तिला बिचारीला अजून काही माहीत नव्हतं. "आपण गाजतोय."

मी भाग काढून टाकायला गेले. ॲपने सांगितलं की भाग इथून काढला तरी आणखी सहा ठिकाणी पोचलेला आहे, आणि हे तुम्हाला प्रसिद्ध करतानाच कळवलं होतं. खरंच कळवलं होतं. मी तिथेही हो दाबलं होतं.

शुक्रवारी सकाळी बाबाच्या मालकांचा फोन आला. मालक मनुष्य वाईट नाही, पण फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज नसते. आम्हाला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

"मी घाबरलेला असतो? मला तू लहान मुलासारखं समजावतोस? वीस वर्षं झाली तुला माझ्याकडे. आणि दोर तर गेल्याच उन्हाळ्यात बदललेत ना रे? मी सांगितलं त्या इमारतवाल्यांना. ते म्हणतात, मालक आपल्या माणसाची बाजू घेणारच. दुरुस्तीची वही दाखवली. म्हणे वहीत काहीही लिहिता येतं, माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. ऐकतोयस ना? उद्या पाच वाजता त्यांच्या समितीची बैठक आहे. त्यांनी लिफ्टचं काम काढून घेतलं तर मला तुला ठेवता येणार नाही. तोवर घरी बस."

फोन बंद झाला. बाबा तो कानाला लावून उभाच राहिला. मग साधारण मिनिटभराने म्हणाला, "तुम्हाला नाही. अडकलेल्यांना."

मग थोड्या वेळाने, "हो. चारही."

मग, "ऐकतोय."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. आधी हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही. बाबाने कामाची पिशवी दाराजवळच्या खुंटीवर परत टांगली. ती पिशवी कामाच्या दिवशी सकाळी खुंटीवर असलेली मी कधी पाहिली नव्हती.

"मूळ फाइल आहे तुझ्याकडे?" आईने मला विचारलं. "न कापलेली?"

होती. आई दवाखान्यात उशिरा जाते म्हणाली, आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत, कपाटाची दारं उघडून, कपड्यांकडे पाठ करून ऐकायला बसलो. माझा पहिला प्रश्न आला. मग शांतता. मला वाटलं होतं की तिथे काहीच नाही, पण होतं. खुर्ची कुरकुरली. बाबाने श्वास घेतला आणि सोडला. बाहेर कोणीतरी सायकलला स्टँड लावला. बाबाने पुन्हा श्वास घेतला, या वेळी बोलण्यासाठी घेतात तसा, आणि नेमकी तेव्हाच मी दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली.

"सगळी उत्तरं एक मजला मागे सरकव," आई म्हणाली. ती बोटांवर मोजत होती. "दोरांचं उत्तर भंगार. अडकलेल्यांचं उत्तर, लहान मुलासारखं समजवायचं. मालकांचं उत्तर, आवाज मोठा." इथे तिचा चेहरा जरा उजळला. "माझं उत्तर, न सांगता कळतं. आणि पहिल्याचं..."

ती थांबली. बोट तसंच वर राहिलं.

तीन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही.

आई उठून बाहेर गेली. मी दाराआड उभी राहिले. तिथे उभं राहू नये हे मला माहीत आहे.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," आई म्हणाली.

तुम्ही. मी दाराची कडी घट्ट धरली. आईने पुढे काही विचारलं नाही. ती थांबली, नुसती थांबली. तिला ते येतं.

"तू आधीच थकली होतीस," बऱ्याच वेळाने बाबा म्हणाला. "रोज तिच्यासोबत शाळेच्या फाटकाशी उभी राहायचीस. त्या दिवशी बाईंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, वर्ष झालं, पोरगी एक शब्द बोललेली नाही. मी तिथून कामावर गेलो. चौदाव्या मजल्याच्या वर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिथला आवाज बाहेर येत नाही."

मग आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे उद्या तिथे सांगायचं नाही. तिच्या मैत्रिणी असतात तिथे."

"आणि नोकरी?"

बाबा खुंटीवरच्या पिशवीचा पट्टा सारखा करायला लागला.

शनिवारी पाच वाजता इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. सगळे जिन्याने उतरून आल्यामुळे आधीच चिडलेले होते. समितीच्या अध्यक्षा अकराव्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पहिल्या रांगेत लांबडीची आजी होती, तिच्या एका बाजूला लांबडी आणि दुसऱ्या बाजूला चष्मिष्ट. चष्मिष्टच्या फोनवर आकडा तीनशे बारा झाला होता, पण तो ती कोणाला दाखवत नव्हती. सातव्या मजल्यावरचे काकाही आले होते. ते मुलीकडून सकाळीच परतले होते, आणि आपण भंगारात गेल्याचं त्यांना जिन्यात कळलं होतं. बाबा पुढे, एकट्या खुर्चीवर. त्याच्या बाजूला मालक. मी आणि आई भिंतीशी.

"मला सरळ उत्तर हवंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "या लिफ्टचे दोर कधी बदललेत?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिला.

पाच सेकंद गेले. मालकांच्याने राहवेना. "अरे सांग ना. वहीत तारीख आहे ना? कितव्या पानावर आहे?"

"आम्ही तीन दिवस बारा मजले चढतोय," बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ उभे राहिले. "त्याचं काय?"

"मी काय म्हणतो, या चार माणसांत माझं नाव कोणी घातलं?" हे सातव्या मजल्यावरचे काका.

"गप्प बसलाय बघा," मागून कोणीतरी म्हणालं. "माणूस खरा असता तर बोलला असता."

"तू जेवलायस का रे, बाळा?" लांबडीच्या आजीने विचारलं. "चेहरा किती उतरलाय."

सगळीकडून बटणं दाबली जात होती. मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं, एकेक दिवा लागत चाललेला. बाबाने श्वास घेतला आणि मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. "मी विचारतेय ना..."

"थांबा," मी म्हणाले.

साठ माणसं वळली. मी भिंतीपासून सुटले होते, कशी ते आठवत नाही.

"माझा बाबा उत्तर देतो. प्रत्येकाला देतो. पण आता मध्ये कोणी काही बोलायचं नाही. अजिबात. मीसुद्धा नाही."

मोठ्या बाईंना आयुष्यात कोणी गप्प बसायला सांगितलं नसावं. त्या इतक्या चकित झाल्या की गप्प बसल्या. त्या बसल्या म्हणून सगळे बसले. हॉलमधला पंखा फिरत होता. कोणाची तरी खुर्ची कुरकुरली. मी मनात आकडे मोजायचे नाहीत असं ठरवलं आणि मोजत राहिले.

एकोणपन्नासाव्या आकड्याला बाबाने मोठ्या बाईंकडे पाहिलं. "गेल्या उन्हाळ्यात. चारही."

मग मालकांकडे. "बावीस."

मग बाराव्या मजल्याकडे. "तुमच्या गुडघ्यांची माफी मागतो. लिफ्ट ठणठणीत आहे, आत्ता जा."

मग सातव्या मजल्याकडे. "माहीत नाही. मी तर दोरांचं म्हणालो होतो."

मग तो मागच्या रांगांकडे बघून किंचित थबकला, कारण ते वाक्य म्हणणाऱ्याचा चेहरा त्याला सापडेना. "बोलतोय," तो सर्वसाधारणपणे म्हणाला.

आणि शेवटी आजीकडे. "नाही जेवलो."

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबून, दार उघडून, पुन्हा बंद करून खाली आली होती. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांना उत्तरपत्रिकेत एक उत्तर पुढे सरकलेलं ओळखता येतं.

"म्हणजे उत्तरं बरोबर आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "प्रश्न चुकीच्या जागी आहेत. मग 'तीन वर्षं झाली' हे कोणत्या प्रश्नाचं?"

हॉलमधल्या प्रत्येकाने तो कार्यक्रम ऐकलेला होता. मला चेहरे दिसत होते, एकेक मजला मागे जाणारे. बाबाने माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून. त्याच्या नकाराला मात्र एक सेकंदही लागला नाही.

"पहिल्या," मी म्हणाले. "तो माझ्यामुळे रडला होता. मी तेव्हा शाळेत बोलत नव्हते. वर्षभर. कोणाशीच."

लांबडी माझ्याकडे बघत होती. ती त्यानंतर आमच्या शाळेत आली, तिला हे माहीत नव्हतं. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता.

ती शांतता मी मोजली नाही.

मोडली ती मालकांनी. ते इतका वेळ बोटांवर काहीतरी सरकवत होते. "थांब थांब. घाबरलेले म्हणजे ते अडकलेले लोक. मग माझ्याबद्दल तू म्हणालास..." त्यांचं बोट अडकलं. "माझा आवाज मोठा आहे?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्या रांगेतल्या आजीने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं.

"मन चांगलं आहे," आई भिंतीशी उभी राहूनच म्हणाली. "तेही तुमचंच."

मोठ्या बाई उठल्या, हॉलबाहेर गेल्या, लिफ्टच्या दारावरचा कागद फाडून काढला आणि सगळ्यांच्या देखत लिफ्टने अकराव्या मजल्यावर गेल्या. बैठक संपली. सोमवारी तिथे नवा कागद लागला, समितीच्या शिक्क्यासह. त्यावर लिहिलं होतं, 'तंत्रज्ञास एका वेळी एकच प्रश्न विचारावा'. बाबाची पिशवी खुंटीवरून उतरली ती मात्र शनिवारीच. बैठकीहून आल्याबरोबर त्याने ती खाली घेतली, आतली अवजारं पुसली आणि दाराशी ठेवली.

मग आम्ही जेवायला बसलो. बाहेर अजून उजेड होता, पण बाबा दिवसभर जेवला नव्हता. आईने वाढलं, एकदा संपलं, तिने पुन्हा भांडं उचललं.

"अजून वाढू?" तिने विचारलं.

बाबा ताटाकडे बघत होता. आई भांडं धरून थांबली. मीही थांबले. मला जमायला लागलं होतं.

"हो," बाबा म्हणाला. "आहे."

"काय आहे?" आईने विचारलं. हे वाढण्याचं उत्तर नव्हतं.

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन मागे गेले, एक मजला, दोन मजले, बैठक, शुक्रवार, बुधवार, थेट रविवारपर्यंत. उघडं कपाट. शेवटचा प्रश्न. तुम्हाला मला काही विचारायचंय? मी बटण बंद केलं होतं आणि दारं लावली होती, आणि ते बटण सहा दिवस तसंच दाबलेलं राहिलं होतं.

"विचार ना," मी म्हणाले.

"तेव्हा तू बोलत का नव्हतीस?"

मी तोंड उघडलं. तुडतुडीने तोंड उघडलं आणि त्यातून काहीही आलं नाही. म्हणजे उत्तर होतं. खाली कुठेतरी होतं, मला त्याची खुडबुड ऐकू येत होती. पण ते बऱ्याच खालून यायचं होतं, आणि मधे पुष्कळ मजले होते. बाबा थांबला. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. आईसुद्धा भांडं हातात धरून थांबली. त्या दोघांना यात काहीही विचित्र वाटत नव्हतं.

"थोडंसं," मधेच बाबा म्हणाला, आणि आईने वाढलं.

मग मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि दोघांना सांगितलं, "मी ठरवलंय. पॉडकास्ट बंद करायचा नाही. मला याचं उत्तर द्यायचंय, आणि माइकसमोर द्यायचंय. उद्या दुपारी, कपाट उघडून. प्रश्न बाबा विचारेल. मध्ये कोणी बोलायचं नाही, किती का वेळ लागेना. आणि रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या, सगळ्या."